४ मीटर ग्लायडरचं कव्हरिंग : नेहमीची फिल्म, हलकी फिल्म की लॅमिनेशन रोल?

भोसरी_टूलरूम | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत सुरू केलेल्या, रिमोटवर उडवायच्या मॉडेल ग्लायडरचं आता फक्त कव्हरिंग (सांगाड्यावर फिल्म चढवणं) राहिलंय आणि तीन आठवडे मी तिथेच अडकलोय.

विंगस्पॅन ४ मीटर. विंग तीन तुकड्यांत आहे: मधला १.६ मीटर, टोकाचे दोन प्रत्येकी १.२ मीटर. मुळाशी कॉर्ड (पंखाची रुंदी) २५ सेंटीमीटर, टोकाला १३. क्षेत्रफळ ८६ चौरस डेसिमीटर. लीडिंग एजपासून (पुढच्या कडेपासून) स्पारपर्यंत (पंखभर जाणाऱ्या मुख्य दांड्यापर्यंत) वरखाली दीड मिलिमीटर बाल्साचं (हलक्या लाकडाचं) शीटिंग, त्यामागे उघड्या रिब्ज (आडव्या फासळ्या), दोन रिब्जमध्ये ७ सेंटीमीटर अंतर. स्पार स्प्रूसचा, त्यावर कार्बनची पट्टी. फ्यूजलाज (विमानाचं धड) फायबरग्लासची, तिला रंग देऊन झाला. टेल पूर्ण बाल्साची, उघड्या बांधणीची. सगळं मिळून उडतं वजन ३.४ किलोच्या आसपास जाईल.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक, ओराकव्हरसारखी नेहमीची पॉलिएस्टर फिल्म, चौरस मीटरला साठ ते सत्तर ग्रॅम. दोन, तिचीच हलकी आवृत्ती, साधारण ३६ ग्रॅम. तीन, अप्पा बळवंत चौकात मिळतो तो लॅमिनेशनचा रोल. एका मित्राने त्यावर दोन विमानं केली आहेत आणि खर्च अगदीच कमी येतो. पहिल्या दोन्ही बाहेरून मागवायच्या म्हणजे रोलच्या किमतीवर कुरियर आणि ड्यूटी. चुकीची मागवली तर दुसऱ्यांदा मागवणं मला परवडणार नाही.

रंग मात्र मनात पक्का आहे. अख्खं विमान पारदर्शक पिवळं करायचं. एकेक रिब मी हाताने घासली आहे, ती उन्हात आतून दिसावी असं फार वाटतं.

गणपतीच्या आत कव्हरिंग उरकून ऑक्टोबरमध्ये उडवायचं म्हणतोय. टूलरूममध्ये दिवसभर मायक्रॉन मोजण्यात जातो, त्यामुळे अंदाजाने काही करायला हात धजत नाही. आजवर फक्त फोमची विमानं उडवली आहेत. अनुभवी लोकांनी सांगावं.

वाकड_पायलट | १२ ऑगस्ट, रात्री ११:१५

दादा, लॅमिनेशन रोल मी वापरलाय, २ मीटरच्या ग्लायडरवर. चालतो. पण दुकानात "लॅमिनेशन" म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात, पॉलिएस्टर आणि बीओपीपी. पुस्तकांच्या कव्हरांना लावतात ती बरीचशी बीओपीपी असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ती ताणली जाण्याआधीच इस्त्रीखाली वितळून भोक पडतं. पॉलिएस्टरच मागा, आणि आधी हातभर तुकडा आणून जुन्या सांगाड्यावर लावून बघा.

वजनाचं म्हणाल तर २५ मायक्रॉन पॉलिएस्टर म्हणजेच चौरस मीटरला ३५ ग्रॅम, वर गोंदाचा थर वेगळा. त्यामुळे "लॅमिनेशन हलकं पडतं" हे आपोआप खरं ठरत नाही. एवढ्या मोठ्या विमानावर मी स्वतः लावणार नाही. माझ्याकडे दुसऱ्या उन्हाळ्यात कडा सुटायला लागल्या होत्या.

घार_कर्वेनगर | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

तुम्ही आकडे दिलेत, म्हणून आकड्यांपासूनच सुरू करतो.

विंग ८६ डेसिमीटर, वरखाली मिळून १.७२ चौरस मीटर, ओव्हरलॅप धरून १.८५. नेहमीची फिल्म ६५ ग्रॅमने धरा: १२० ग्रॅम. हलकी ३६ ने: ६७ ग्रॅम. फरक ५३ ग्रॅमचा. ३४०० ग्रॅमच्या ग्लायडरमध्ये हा दीड टक्का झाला. हवेत खाली बसण्याचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे त्यात फरक पडणार पाऊण टक्का. तो उडवताना मला तरी कधी जाणवलेला नाही.

आता टेल बघा. तुमच्या मापाच्या ग्लायडरला स्टॅब (शेपटीचा आडवा पंख) आणि रडर (उभी पाटी) मिळून १४ डेसिमीटर धरू. दोन्ही बाजू आणि ओव्हरलॅप मिळून ०.३ चौरस मीटर. नेहमीच्या फिल्मचे साडेएकोणीस ग्रॅम, हलकीचे अकरा. फरक जेमतेम साडेआठ ग्रॅम. पण टेल सीजीपासून (विमानाच्या गुरुत्वमध्यापासून) १.१ मीटर मागे आणि नाकातलं तोलाचं शिसं ४० सेंटीमीटर पुढे असेल, तर मागच्या एका ग्रॅमला पुढे पावणेतीन ग्रॅम शिसं टाकावं लागतं. साडेआठचे तेवीस झाले, एकूण बत्तीस ग्रॅम. विंगच्या एक षष्ठांश जागेत विंगच्या फरकापैकी निम्म्याहून जास्त वजन जातं. म्हणून हलकी फिल्म टेलला, तिथे तिचा पैसा वसूल होतो.

विंगला मात्र नेहमीचीच लावा, आणि याला कारण आपली जमीन आहे. परदेशातले लोक हिरवळीवर उतरतात, त्यांची मतं वाचून आपण हलकी फिल्म मागवतो. आपण सासवडच्या पुढच्या माळावर नाहीतर ज्वारी काढलेल्या रानात उतरणार. ज्वारीचं धसकट बोटभर उंच आणि तिरकं कापलेलं असतं. ७ सेंटीमीटरच्या उघड्या बेमध्ये (दोन रिब्जमधल्या जागेत) ते हलक्या फिल्ममधून सरळ आत घुसतं, आणि फाटलेली फिल्म पुढच्या रिबपर्यंत चिरत जाते. जाड फिल्मवर बहुतेक वेळा ओरखड्यावर भागतं. शिवाय उघड्या भागात पीळ रोखण्याचं थोडं काम फिल्मही करते. तुमच्या विंगचा मुख्य पीळ शीटिंगची पेटी घेईल, पण थर्मलमधून (वर चढणाऱ्या गरम हवेतून) वेगाने खाली उतरताना ट्रेलिंग एजजवळ (मागच्या कडेजवळ) जेवढा ताठपणा मिळेल तेवढा बरा. टोकाकडे वर एक आणि खाली दुसरी, असा मेळ करू नका. दोन्हींचा ताण वेगळा असतो, टोक पिळवटतं.

आता रंगाविषयी. हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण पारदर्शक पिवळ्या रंगापायी माझं एक विमान गेलं.

३.२ मीटरचा होता, तुमच्यासारखाच उघड्या रिब्जचा. हातात धरून सूर्याकडे उचलला की आतली प्रत्येक रिब मोजता यायची. एप्रिलची दुपार होती, दीड वाजलेला. आकाश निळं नव्हतं, एप्रिलमध्ये आपल्याकडे ते धुरकट पांढरं होतं तसं होतं. उंची फार नव्हती, पण थर्मल वाऱ्याबरोबर सरकत होता आणि त्याच्यामागे विमानही लांब गेलं. मी ट्रान्समीटरवरचा फ्लॅपचा स्विच बघायला मान खाली घातली. दोन सेकंद, फार तर तीन. मान वर केली आणि विमान नाही. जिथे होतं तिथेच बघत राहिलो. शेजारी उभ्या मित्रालाही दिसेना. मी स्टिक मागे धरून फिरवत ठेवलं, वाटलं वळताना कुठेतरी पंख चमकेल. चमकला नाही, कारण उजेड त्याच्यातून आरपार जात होता. सहा दिवसांनी धनगराच्या मुलाने दोन टेकड्या पलीकडे सापडल्याचं सांगितलं. विंग मधोमध मोडली होती आणि आत लाल मुंग्यांनी घर केलं होतं.

त्यानंतर मी कागदावर गणित मांडलं. ४०० मीटर अंतरावर ४ मीटरचा पंख साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढा लांब दिसतो. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण सरासरी २१ सेंटीमीटरची कॉर्ड त्याच अंतरावर पावणेदोन कला भरते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि चांगल्या डोळ्याची मर्यादा साधारण एक कला आहे. पोट तुमच्याकडे असलं तर एवढी रेघ दिसते. विमान समोरून आलं की उरते अडीच सेंटीमीटरची जाडी, म्हणजे पाव कलासुद्धा नाही. त्या क्षणी ते सहज हरवतं. वळल्यावर ते पुन्हा सापडावं एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते काम रंगाचं.

या अंतरावर लाल, निळा, जांभळा सगळे विरघळतात. उरतो फक्त गडद आणि फिका. म्हणून खालची बाजू गडद, अपारदर्शक: गडद निळी, काळी किंवा गडद लाल. एप्रिलच्या पांढऱ्या आकाशावर आणि ऑक्टोबरच्या ढगांवरही ती दिसते. वरची बाजू पांढरी किंवा पिवळी, पण अपारदर्शक, म्हणजे विमान वळलं की गडदचं एकदम फिकं होतं आणि ती उघडझाप डोळ्याला लगेच कळते. रिब्ज बघायची तुमची हौस मला पूर्ण समजते. टेलला पारदर्शक पिवळी लावा ना, तिथे एवीतेवी हलकीच लावायची आहे.

गणपतीच्या आधी कव्हरिंग करू नका, एवढी विनंती. का ते संध्याकाळी लिहितो.

सिल्क_आणि_डोप | १३ ऑगस्ट, दुपारी १:३०

घारसाहेबांशी रंगाबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त सिल्कच्या (रेशमी कापडाच्या) कव्हरिंगचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितोय.

मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलो, डोपच्या (कापड ताणून घट्ट करणाऱ्या लॅकरच्या) वासात. त्याआधी हडपसरला ग्लायडिंग सेंटरच्या बाहेर सायकल टेकवून विंचवर (दोर ओढणाऱ्या यंत्रावर) चढणारे ग्लायडर बघत तासनतास उभा राहायचो. आपल्या देशात घडलेला रोहिणी ग्लायडर, जो १९६१ साली पहिल्यांदा उडाला, तोही लाकडाचा आणि कापडाचाच. डोप लावलेलं सिल्क सांगाड्याचा भागच होऊन जातं. पीळ रोखण्यात फिल्म त्याच्या जवळपास येत नाही, आणि धसकट लागलं तर फार तर एक बारीक भोक पडतं, फाटत जात नाही. जुन्या ग्लायडरची प्रतिकृती असेल तर मी आजही सिल्कच वापरीन.

पण तुमच्यासाठी नाही. नायट्रेट डोप पेट घेतो, त्याची वाफ बंद फ्लॅटमध्ये श्वासात घेऊ नये, आणि पाच-सहा हात तरी द्यावे लागतात. शिवाय ऑगस्टच्या दमट हवेत डोप सुकताना पांढरा पडतो, अंगावर खडूची भुकटी पसरल्यासारखा. माझ्याकडे वाड्याची गच्ची होती, ती आता राहिली नाही, म्हणून मीही फिल्मवर आलो.

भोसरी_टूलरूम | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

काका, टेलचं गणित वाचून आज जेवणाच्या सुट्टीत तेच मांडत बसलो होतो. माझी टेल १५ डेसिमीटर आणि सीजीपासून तिचं अंतर १.०५ मीटर, उत्तर जवळपास तुमचंच आलं. विंगला नेहमीची, टेलला हलकी, हे पक्कं.

तुमच्या विमानाचं वाचून फार वाईट वाटलं. पिवळ्याचा हट्ट सोडला. खाली गडद निळा, वर पांढरा.

पण गणपतीच्या आधी का नको? आणि इस्त्रीबद्दलही सांगा. फिल्मवरच्या कागदावर तापमान लिहिलेलं असतं, पण माझ्या इस्त्रीच्या चकतीवर नुसते १ ते ५ आकडे आहेत.

घार_कर्वेनगर | १३ ऑगस्ट, रात्री ९:५०

आधी लाकूड. बाल्सा पावसाळ्यात पाणी ओढतो आणि धाग्याच्या आडव्या दिशेने फुगतो. फुगलेल्या सांगाड्यावर तुम्ही फिल्म ताणून बसवली की ती आज आरशासारखी दिसेल. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फिल्म आहे तेवढीच राहते, आणि प्रत्येक बेमध्ये तिरक्या सुरकुत्या पडतात. त्या काढायला पुन्हा इस्त्री फिरवायची, असं दोन-तीनदा झालं की फिल्मची आकसण्याची ताकदच संपते. मग पुढच्या सुरकुत्या कायमच्या. आपल्याकडे लोक फिल्मला दोष देतात, पण बऱ्याचदा कारण एवढंच असतं की कव्हरिंग श्रावणात केलेलं असतं.

माझ्या एका विंगचा मधला तुकडा जुलैत ४१२ ग्रॅम भरला, तोच नोव्हेंबरात ३९८. काहीही न काढता चौदा ग्रॅम पाणी गेलं. तुम्ही आज तुमचे तिन्ही तुकडे तोला, कागदावर लिहून सांगाड्यालाच चिकटवा. दसऱ्यानंतर दर रविवारी तोला. लागोपाठ दोन रविवार वजन तेच आलं की रोल उघडा. तोवर सांगाडा ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका, सपाट आडवा ठेवा.

इस्त्री. चकतीवरचे आकडे विसरा. इन्फ्रारेड थर्मामीटरवरही जाऊ नका, चकचकीत तळावर तो कमी तापमान दाखवतो. तुमच्या टूलरूममध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असेलच, तो तळाला टेकवून चकतीच्या प्रत्येक आकड्यासमोर खरं तापमान लिहून घ्या. गोंद धरायला १०० अंशांच्या आसपास पुरतात. ताणायला १३० ते १५०. या दोन पायऱ्यांची सरमिसळ झाली की काम बिघडतं: चिकटवतानाच जास्त तापवलं तर फिल्म जागेवर बसायच्या आत आकसायला लागते. इस्त्रीच्या तळाला जुन्या सुती बनियनचा तुकडा ताणून बांधा, नाहीतर गडद निळ्यावर ओरखडे उठतील.

६० सेंटीमीटर रुंदीचा रोल उभा कापला की ३० च्या दोन पट्ट्या होतात. मधल्या तुकड्याची एक वर, एक खाली, पण तुमचे रंग वेगळे आहेत तेव्हा प्रत्येक रंगाचा २ मीटरचा रोल घ्या. एक पट्टी मधल्याला, दुसरी टोकांना. टोकांना २.४ मीटर लागतील, म्हणजे दोन्ही रंगांत थोडी कमी पडेल. प्रत्येकी दोन रोल मागवा आणि उरलेली दुरुस्तीला ठेवा. फिल्मच्या पाठीचा कागद सुटत नसेल तर कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचे तुकडे लावून विरुद्ध ओढा.

आधी शीटिंग ४०० नंबरच्या कागदाने घासून ओल्या नसलेल्या फडक्याने पुसून घ्या. एक धुळीचा कण निळ्याखाली मोहरीएवढा दिसतो. आधी खालची बाजू. मुळाशी मध्यावर एक टिंब चिकटवा, टोकाला ओढून दुसरं, मग ट्रेलिंग एज, शेवटी लीडिंग एज. कडा सगळ्या धरल्या की मगच ताणायला घ्या. शीटिंगवर मधून बाहेर जा. हवा अडकून फुगा आलाच तर बारीक टाचणीने टोचा आणि इस्त्री टेकवून धरा. तिथे हीट गन अजिबात नको. उघड्या बेवर इस्त्री फिल्मला न लावता केसभर वर फिरवली तरी बघाल, आधी फिल्म किंचित लोंबते, मग मधोमध थरथरल्यासारखी होऊन एकदम तंग होते. तंग झाली की थांबा. आणखी ताणाच्या मोहात पातळ ट्रेलिंग एज दोन रिब्जमध्ये आत ओढली जाते आणि ती करवतीसारखी दिसायला लागते.

वरची फिल्म लीडिंग एजवरून खाली सहा मिलिमीटर वळवा, सांधा खालच्या बाजूला जाऊ द्या. टोकांना वॉशआउट (मागची कड किंचित वर, असा पीळ) हवा असेल तर ट्रेलिंग एजखाली ठोकळा ठेवून टोक हवं त्याहून थोडं जास्त पिळा, वरखाली दोन्ही बाजू तापवा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात काढू नका. दोन्ही टोकं एकाच दिवशी करा, मापही त्याच टेबलावर घ्या.

गडद निळ्याला जपायचं कुठे, तर गाडीत. मे महिन्यात बंद गाडी साठ अंशांच्या पुढे जाते, त्यात काचेतून थेट ऊन आलं तर गडद फिल्म आणखी तापते आणि सांधे सरकतात. जुन्या पांढऱ्या चादरीच्या पिशव्या शिवून घ्या, प्रत्येक तुकड्याला एक.

भोसरी_टूलरूम | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

सांगितलं तसं केलं. ऑगस्टात मधला तुकडा ४३६ ग्रॅम होता, दिवाळीनंतरच्या दोन रविवारी ४२३ वर थांबला. थर्मोकपल लावल्यावर कळलं की माझ्या इस्त्रीचा ३ म्हणजे १४८ अंश. मी ३ वर चिकटवायला सुरुवात करणार होतो.

टेलला हलकी पारदर्शक पिवळी लावली. काल संध्याकाळी खिडकीत ठेवली होती, साडेपाचच्या उन्हात स्टॅबच्या सगळ्या रिब्ज भिंतीवर पिवळ्या उमटल्या होत्या. विंग खाली गडद निळी, वर पांढरी. एका टोकाला दोन बेमध्ये बारीक सुरकुती राहिली आहे, ती उन्हाळ्यापर्यंत तशीच ठेवतो. पिशव्या आईने शिवल्या.

एकच विचारायचं राहिलं. वरून-खालून कळतंय, पण लांबवर विमान माझ्याकडे येतंय की जातंय हे कळायला एका टोकाला रुंद पट्टा द्यावा असं वाकडच्या मित्राने सुचवलंय. उजव्या टोकाला देऊ की डाव्या?

घार_कर्वेनगर | २४ नोव्हेंबर, रात्री ९:४५

द्या, नक्की द्या. पांढऱ्यावर काळा आणि निळ्यावर पांढरा, निदान तीन बे रुंद, त्याहून बारीक दिसत नाही. मी उजव्या टोकाला देतो. तुम्ही डाव्याला दिला तरी हरकत नाही, पण मग पुढच्या प्रत्येक विमानाला डाव्यालाच. पहिल्या उड्डाणाआधी सीजी मोजाल तेव्हा नाकात किती शिसं लागलं ते इथे लिहा.